दोन चिमट्यांची भाकरी

माझ्या सासरी भाकरीला मान नाही, असं मी म्हटलं की घरातले चिडतात. चिडेनात का. खरं ते खरं. पलूसजवळच्या नदीकाठच्या गावात मी सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी शेजारणींना बोलावून माझी भाकरी दाखवली होती. "माणातली पोरगी हाय, बघा कशी पातळ थापती!" हे कौतुक आठवडाभर टिकलं. मग सासरे म्हणाले, चपाती बरी लागते, मऊ असते. उसाचा पट्टा तो. पाणी होतं, गहू होता, तेल होतं. भाकरी उरली ती मटणाच्या दिवशी, नाहीतर कुणाचं पोट बिघडलं तर. माहेराहून आणलेली लाकडी काठवट मी माझ्या हातानं माळ्यावर टाकली आणि टाकताना लय रडले. कुणाला सांगितलं नाही.

माझं माहेर माण तालुक्यात. तिकडे पाऊस आला तर आला. शाळूची ज्वारी, बाजरी, दावणीला दोन गाया, चार शेरडं, आणि घरोघरचे बाप्ये मुंबईला. माझे वडीलही तिकडेच बाजारात ओझी उचलायचे आणि सणावाराला यायचे. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. शिवाय वडिलांचे एक चुलते होते, आम्ही त्यांना आजा म्हणायचो. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, पण जीभ जाग्यावर होती.

आई पीठ मळायची ते तळहाताच्या टाचेनं, सगळा भार देऊन. पुढं ढकलायचं, गोळा करायचं, परत ढकलायचं. पिठाचा आवाज बदलला की ती थांबायची. मग उंडा करून काठवटीत थापायला घ्यायची. एक हात थापायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं काठाला नुसती लागलेली असायची, भाकरी फिरत राहायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावरून पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची. शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढं उभी करायची, की भाकरी टम्म फुगायची. घरात धूर, डोळ्यांत पाणी, आणि भाकरीचा तो वास. आज गॅसवर सगळं होतं, पण तो वास येत नाही. हे मी कुणाचंही ऐकून म्हणत नाही, माझं नाक म्हणतं.

मला भाकरी शिकवताना तिनं मला फार मारलं नाही, पण टोमणे भरपूर मारले. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते. म्हणजे चिकटपणा जातो आणि थापताना भाकरीला भेगा पडतात. अशा पिठाला कढत पाणी घालून मळावं लागतं. मी ते विसरायचे आणि भाकरी फाटली की पिठावर डाफरायचे. आई म्हणायची, "पिठाला बोल लावू नगं. पीठ काय तुझ्यासंगं भांडाय आलंया व्हय? भांडखोर तू हायस." उरलेल्या पिठाची लहान भाकरी, चानकी, ती माझ्याकडून थापून घ्यायची आणि भावाला द्यायची. भाऊ ती चानकी गल्लीभर दाखवत हिंडायचा. "आक्कीनं केलीया, आक्कीनं!" वाकडीतिकडी का असेना, त्याला फार कौतुक.

एका वर्षी विहिरींनी तळ गाठला. जनावरं चारा छावणीला न्यावी लागली. छावणी गावापासून लांब माळावर होती. जनावराबरोबर घरचं एक माणूस राहायचं. बाप्ये मुंबईला, म्हणून बहुतेक म्हातारेच गेले. आमचा आजाही गायांबरोबर गेला. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या भाकरी एका मोठ्या बुट्टीत घालून रोज टेम्पोनं छावणीवर जायच्या. आणि तिथं तमाशा सुरू झाला. कुणाची भाकरी कुणाला जायची. आमच्या बिनदाती आजाला कुणाच्या तरी वाळून कडक झालेल्या जाड भाकरी आल्या आणि आईची पातळ भाकरी दुसऱ्याच म्हाताऱ्यानं हाणली. आजानं टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडला, "सुनंला सांगा, मला मारायचं हाय तर सरळ मार, भाकरीनं नगं मारू."

आईला हे झोंबलं. तिनं गल्लीतल्या बायकांना गोळा केलं, आणि ठरलं की प्रत्येकीनं आपल्या भाकरीला खूण करायची. भाकरी थापून झाली, तव्यावर टाकायच्या आधी. मधे खूण केली तर भाकरी फुगताना फाटते, म्हणून काठाला. एकीनं नख उमटवलं. एकीनं बांगडी दाबली. कोपऱ्यावरची काकू काठाला बोटानं भोक पाडायची. आईनं काठाला जोडीनं दोन चिमटे घ्यायला सुरुवात केली. शेजारी शेजारी, कपड्याला चुणी घालतात तसे. दुसऱ्या दिवसापासून आजाची तक्रार बंद झाली. भाकरीबरोबरच्या कोरड्यासात मीठ कमी, एवढीच राहिली.

पाऊस झाला, छावणी उठली, आजा गाया घेऊन घरी आला. बाकीच्या बायकांनी खुणा सोडल्या. आईचे चिमटे काही गेले नाहीत. भाकरी थापून झाली की तिची बोटं काठाकडं आपोआप जायची. मी विचारलं तर म्हणाली, "आगं, हाताला वळाण लागलं, काय करू आता!" आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. भाऊ चिमट्यांचा तुकडा आधी मोडून खायचा.

पुढं माझं लग्न झालं. आजा गेला, वडील गेले. भाऊ मुंबईला लागला आणि त्याचंही लग्न झालं. माणातल्या लोकांनी पोरी पाण्याच्या मुलखात द्यायच्या ही रीतच आहे, पण आमच्यात उलटंही झालं. भावजय आली ती सांगलीतल्या विश्रामबागेतून. बाप एका ऑफिसात शिपाई, घरी गॅस, नळाला पाणी, दोन्ही वेळ चपाती. पोरगी नाकीडोळी नीटस, पण चूल म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी माहेरी गेले तेव्हा तिची भाकरी पाहिली आणि हसू दाबत बाहेर पळाले. नकाशा बरा म्हणायची वेळ. आई मात्र तिच्या शेजारी पाटावर बसून राहायची आणि म्हणायची, "होईल, होईल. हात बसाय येळ लागतो." मला नाही कधी असं गोडीनं शिकवलं! हे मी आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तू माझ्या पोटची. तुला बोलल्यालं पचतं."

मग आमचं भांडण झालं. आई अंगणात पाय घसरून पडली, कमरेला मार बसला. मला कळलं तशी मी जीप करून गेले. म्हटलं, आईला घेऊन जाते. तिकडे दवाखाना जवळ, दारात पाणी, माझी माणसं हाताशी. इथं भाऊ मुंबईला, ही एकटी बाई, टँकरची वाट बघत बसायचं. माझं काय चुकलं? आजही मला वाटत नाही चुकलं म्हणून. पण भावजय दारात उभी राहिली. म्हणाली, "आत्यांना मी कुटं पाठवणार न्हाई. लोक मला काय म्हणतील? सुनंनं घालवली म्हणतील." मी म्हटलं, लोकांचं बघतेस, तिच्या कमरेचं बघ. ती म्हणाली, "आणि तुमच्यात न्हेऊन काय खायला घालणार वन्सं? आत्यांना भाकरी लागती. तुमच्या घरात भाकरी करतं कोण?"

नकाशे करणारी ती, मला भाकरी शिकवायला लागली. आणि वाईट हे, की ते खरं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले, तीही मागे राहिली नाही. आई आतून ओरडत होती, "गप बसा गं दोघी, गप बसा!" मी रिकामी जीप घेऊन परत आले. पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणून सांगून आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा आमचा स्वभाव. वर्षांमागून वर्षं गेली. भाऊ फोनवर म्हणायचा, आई बरी आहे. मी म्हणायचे, बरं. आईला फोन दे म्हटलं तर तो मुंबईत. भावजयीच्या फोनवर मी कशाला करीन? आईची आठवण आली की मी विनाकारण भांडी घासत बसायचे.

मग तो पावसाळा आला. कृष्णेचं पाणी आधी काठाच्या मळीच्या रानात शिरलं, मग उसात, मग गल्लीत. आम्हाला नावेतून बाहेर काढलं आणि पलूसमध्ये एका शाळेत ठेवलं. वर्गात बाकं भिंतीला लावून आम्ही खाली पथारी टाकली. उसाची बागाईत असलेली आम्ही माणसं, अंगावरच्या एका साडीनिशी बसलेलो. दुपारी शाळेच्या मैदानात एक टेम्पो आला आणि पोरं ओरडत आली, "माणातनं भाकरी आल्यात! माणातनं!"

माणातून. ज्या मुलखात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथल्या बायकांनी बुडालेल्यांसाठी भाकरी केल्या होत्या. गावागावांतून, घराघरांतून गोळा करून, धडप्यात बांधून, वर मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. शेजारच्या बाईला म्हटलं, "माझं माहेर हाय ते." ती म्हणाली, "व्हय का? मग तुमी आधी घ्या."

टेम्पोतल्या पोरानं माझ्या हातावर तीन भाकरी ठेवल्या. शाळवाच्या होत्या. प्रवासात गार होऊन जराशा कडक झालेल्या. एक सासूबाईंना दिली, एक मालकांना दिली. तिसरी मोडायला घेतली आणि काठाला बोट अडखळलं. दोन चिमटे. शेजारी शेजारी.

मी ती भाकरी उलटीपालटी करून पाहिली. उजेडात धरली. मालक म्हणाले, "खा की, काय बघतीयास? किडं हायती व्हय?" मी भाकरी छातीशी धरून बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, घर गेलं म्हणून रडते. घर गेलं होतंच. पण मी त्यासाठी रडत नव्हते. माझी आई उठून बसली, तिनं चूल पेटवली, माझ्यासाठी भाकरी थापली, असं मला वाटत होतं. तिची कंबर बरी झाली. तिचे हात चालतात. मला दुसरं काही नको होतं.

माझा मोबाईल भिजून बंद पडला होता. मालकांच्या फोनवरून मी भावाला लावला, त्याच्याकडून भावजयीचा नंबर घेतला आणि राग गिळून तिला फोन केला.

"आईला दे," म्हटलं. "तिची भाकरी पोचली मला."

ती रडायलाच लागली. "वन्सं, तुमी हाय का सुखरूप? किती फोन केले तुमाला, लागंना. मालक कसं हायती? सासूबाई?"

"सगळी हायती. आईला दे."

"आत्या झोपल्यात. वन्सं... भाकरी आत्यांनी न्हाई केल्या. मी केल्या. आत्यांच्यानं आता पाण्याचा तांब्याबी उचलत न्हाई."

मी म्हटलं, खोटं बोलू नको, काठाला दोन चिमटे आहेत.

"कसलं चिमटं?" तिला खरंच कळेना. मी सांगितलं. तेव्हा म्हणाली, "ते व्हय? आवं, ते घ्यायचंच असत्यात न्हवं भाकरीला? आत्यांनी तसंच शिकवलं मला. मला वाटलं, भाकरी अशीच करत्यात सगळीकडं."

विश्रामबागेतली पोर ती. तिला छावणी ठाऊक नाही, आजा ठाऊक नाही, खूण कशाची ते ठाऊक नाही. आईनं जसं केलं तसं तिनं उचललं. तिची बोलीसुद्धा आता आमच्यापेक्षा जास्त माणातली झाली होती. मी विचारलं, आईला काय झालंय? तिनं सांगितलं, आत्यांना आता आठवत नाही. कधी मला ओळखतात, कधी नाही. तुमच्या भावानं सांगू नका म्हणून सांगितलं, तुम्ही तिकडे जिवाला लावून घ्याल म्हणून. भावाला मी नंतर फोनवर असा झाडला की बस्स.

पाणी ओसरलं. घरातला गाळ उपसण्यात, भिंती वाळवण्यात दिवाळी आली. ती होताच मी मालकांना म्हटलं, गाडी करा, आईला आणायला जायचं. तिची आठवण जायच्या आत तिला माझ्याजवळ आणायची, एवढंच माझ्या डोक्यात. भावजयीशी भांडायचं नाही, पण आईला सोडून यायचंही नाही, असं ठरवून निघाले. रस्ताभर मी काय बोलायचं ते घोकत होते.

पोचले तर भांडायची गरजच पडली नाही. भावजयीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाया पडली आणि म्हणाली, "आत्यांची पिशवी भरून ठेवलीया, वन्सं. औषधं वरच्या कप्प्यात हायती. न्यायच्या असतील तर न्या. मी आता आडवी येणार न्हाई. पुरात तुमचा फोन लागंना तवा मला कळलं, आपल्या माणसापातूर पोचता येत न्हाई म्हंजी काय असतं ते." एवढं बोलून ती चुलीकडं वळली. तिची पाठ हलत होती. घरात गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करत होती.

आई भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. मी जवळ जाऊन बसले, म्हटलं, "आये, मी आलीया."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. हसली. मग भावजयीला म्हणाली, "पावणी कुटली गं?"

भावजय चटकन उठून आली. "आवं आत्या, ह्या तुमची लेक. पलूसकडच्या. वळखलं न्हाई व्हय?"

"लेक?" आई म्हणाली आणि भावजयीचा पिठानं भरलेला हात धरला. "माझी लेक ही काय हितं हाय की. भाकरी करतीया न्हवं."

काळजात सुरी फिरली म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. भावजय माझ्याकडं बघेना. "तसं न्हाई आत्या, तसं न्हाई," एवढंच म्हणत राहिली. आईनं तिचा हात सोडला नाही. लहान पोर बाजारात आईचा पदर धरतं, तसा घट्ट धरला होता. तो हात सोडवून मी तिला गाडीत घालणार होते. कुठं नेणार होते? माझ्या घरी, जिथं तिला कुणीच ओळखीचं दिसलं नसतं, मीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "व्हय. तीच तुझी लेक." आणि भावजयीला म्हटलं, "पिशवी सोड गं. राहू दे तिला हितंच. मीच येत जाईन, तू दारात उभी करशील तर."

ती मला मिठी मारून रडली. तिचं पीठ माझ्या साडीला लागलं. मीही रडले, कशाला खोटं सांगू? आई दोघींकडं बघत होती. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती वैतागली. "रडू नगा गं. पावणीला वाढ आधी. लांबनं आलीया ती."

भावजयीनं ताटं केली. वांग्याचं कोरड्यास, कांदा, तव्यावरची गरम भाकरी. मी आईच्या शेजारी जेवायला बसले. नुसता कांदा चिवडत राहिले. आईनं ते पाहिलं. आपल्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी माझ्या ताटात टाकली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"खा गं बाई पोटभर," म्हणाली. "आन मग घरला जा. तुझी आय वाट बघत असंल."